अक्काचा डोळा आणि दारातली गाडी

अंबाजोगाईला परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "मग, मकबरा पाहिला का? वेरूळला जाऊन आलात का?" नाही, बाबांनो. आठ दिवस छत्रपती संभाजीनगरला राहून आलो आणि मकबरा नाही, वेरूळ नाही, पाणचक्कीचं पाणीसुद्धा पाहिलं नाही. पाहिली ती एक पांढरी मोटारगाडी. तिच्याबद्दलच लिहितो. ज्यांचं म्हातारं माणूस गाडीवाल्या लेकाकडं राहतंय त्यांनी तरी वाचावं, बाकीच्यांनी पान उलटलं तरी चालेल.

माझी सगळी नोकरी एस.टी.च्या कंट्रोलर केबिनमध्ये गेली. त्यामुळं एक खोड लागलीय, वाहन दिसलं की आत माणसं किती ते आधी बघायचं. स्वतःचं वाहन मी कधी घेतलं नाही. आमच्या गावात लागतं कशाला? भाजी, दवाखाना, देऊळ, न्हावी, सगळं चपला घातल्या की आलंच. बायको म्हणते हा कंजूषपणा आहे. असेल.

शनिवारी दुपारी पोचलो. माझी थोरली बहीण कुसुमअक्का तीस-पस्तीस वर्षं शहागंजात दोन खोल्यांत राहिली. भावजी गेले, आणि संक्रांतीला लेकानं, श्रीकांतनं, तिला आपल्या नव्या रो-हाऊसमध्ये नेलं. हे रो-हाऊस म्हणजे हर्सूलच्या पुढं, फुलंब्रीच्या रस्त्याला लागून आत. मोठी कमान, आत सारखी दिसणारी चाळीसेक घरं, प्रत्येक दारात एक गाडी. कमानीतून आत शिरलो तेव्हा रस्त्यावर माणूस म्हणून मी एकटाच होतो. वॉचमननं विचारलं, "काका, गाडी कुठं लावली?" चालत आलो म्हणलं तर तो माझ्याकडं बघतच राहिला. मग कोणाकडं जायचंय ते त्यानं तीनदा विचारलं.

अक्कानं दार उघडलं. "कोण?" म्हणाली. मी तिच्या समोर हातभरावर उभा होतो.

"अगं, मी बापू!"

"व्हय की! उन्हातून आलास ना, दिपलं मला." ऊन माझ्या पाठीमागं होतं, दिपायला जागा होती, म्हणून मी ते खरं मानलं.

रविवारी श्रीकांतची सुट्टी. सकाळी दूध आणायला त्याची पांढरी गाडी निघाली. दुकान म्हणाल तर अंबाजोगाईत आमच्या घरापासून बस स्टँड जेवढं तेवढं लांब, चालत दहा मिनिटं. "चालत जाऊ की," मी म्हणालो. श्रीकांत हसला. "मामा, इथं चालत कोणी जात नाही. फूटपाथ आहे का? मागून हायवा आला तर?" बरोबर होतं त्याचं. त्या रस्त्यावरून खडी घेऊन जाणारे ट्रक मी स्वतः पाहिले. मग दुधानंतर गाडी नाश्त्याला गेली, नाश्त्यानंतर इस्त्रीचे कपडे आणायला, दुपारी सईच्या, म्हणजे त्याच्या लेकीच्या, डान्स क्लासला, तिथून मॉलमध्ये आणि संध्याकाळी व्यायामाला. होय, चालण्याच्या मशीनवर चालायला माणूस गाडीत बसून गेला! पाहुण्यानं पहिल्या दोन दिवसांत बोलू नये असं आमची आई सांगायची.

या सगळ्या फेऱ्यांत अक्का एकदाही गाडीत बसली नाही. "मला एशीत मळमळतं," म्हणाली. संध्याकाळी आम्ही दोघंच घरी होतो, तिनं चहा केला. कपात ओतताना धार कपाच्या बाहेर, बशीत पडत होती, आणि ती तशीच ओतत राहिली. मी तिचा हात धरला.

"अक्का, किती दिसतंय तुला?"

"दिसतं की."

"अक्का."

ती खाली बसली. "उजव्यानं मधलं दिसत नाय रे. कडंकडंचं दिसतं. तुझं तोंड दिसत नाय, कान दिसतात." आणि हसली. मला तिच्या हसण्याचा असा राग आला की सांगता येत नाही.

साखरेमुळं तिच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज येते. शहागंजात असताना दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायची. डोळ्यांचा दवाखाना घरापासून चार गल्ल्यांवर. कपाटातून फाईल काढून पाहिली. शेवटची नोंद जानेवारीची. आता ऑक्टोबर चालू होता.

"श्रीकांतला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. म्हणलं, सवड झाली की ने बाबा."

आमच्याकडची ही रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या घरात थोरलं माणूस, त्यातून बाई, कधी 'मला अमुक पाहिजे' म्हणत नाही. 'सवडीनं बघ' म्हणते. ऐकणाऱ्यानं त्यातनं 'आत्ता' असं समजून घ्यायचं असतं. श्रीकांतनं सवडीनं म्हणजे सवडीनं असं घेतलं. आणि त्याला सवड कधी? सकाळी साडेसातला एकटा गाडीत बसून वाळूजच्या कंपनीत जातो, गावाच्या या टोकावरून त्या टोकाला. येतो तेव्हा दवाखाना बंद झालेला असतो. रविवारी सगळी सवड असते, पण रविवारी डॉक्टर नसतात. सुनेची, स्नेहाची, स्कूटी आहे, पण तीही नोकरीवर जाते. शिवाय अक्का एकदा स्कूटीवरून पडल्यापासून बसत नाही.

"मग रिक्षानं जायचंस."

"एकदा निघाले होते. शिऱ्या रागावला. म्हणला, दारात गाडी असताना आई रिक्षानं हिंडली तर लोक मला काय म्हणतील? मी हाय ना न्यायला!"

घ्या! गाडी नसती तर बाई रिक्षानं गेली असती. गाडी होती म्हणून घरी बसली. आणि मी शहाणा तरी कुठं होतो? दर रविवारी फोन करत होतो. कशी आहेस, बरी हाय, डोळा कसाय, बरा हाय, झालं. संक्रांतीपासून एकदा येऊन बघावं असं मला सुचलं नव्हतं. सहा तासांचा प्रवास, तोही फुकट पासावर.

सोमवारी सगळे कामावर गेल्यावर मी अक्काला म्हणालो, "ऊठ, लुगडं बदल." कमानीपासून फाट्यापर्यंत मला दहा मिनिटं लागतात. तिच्याबरोबर पंचवीस लागली. रस्त्याची कड खाली उतरलेली. तिला खळगा दिसेना, मी दंड धरून "पाय उचल, आता टाक" असं सांगत नेलं. ट्रक आला की दोघं बाभळीला टेकून उभे राहायचो. फाट्यावर शेअर रिक्षा मिळाली.

शहागंजात उतरलो आणि अक्कानं माझा हात सोडला. खरं सांगतो, मी मागं राहिलो! केळ्यांचे गाडे, बांगडीवाले, हॉर्न, बुरखे, सायकली, त्यातनं ती नीट वाट काढत चालली. पायरी आली की पाय आपोआप वर. डोळ्यांनी चालतच नव्हती ती. जुन्या घराच्या खाली नसीमआपा राहतात, अक्काच्या वयाच्याच, त्यांच्या घरी गोधड्या-रजया शिवायचं काम चालतं. त्यांनी अक्काला बघितलं, आणि सुई टोचून ठेवून उठल्या.

"क्या जी कुसुमबाई, मर गये समझे क्या हमकू? संक्रांत के तिळगूळ के बाद सूरत नै दिखाए!"

आम्हाला बसवलं, चहा दिला, सोबत खारी. अक्काचं सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्यावरच घसरल्या. "भाईसाब, यहाँ थे तो इनकू कबी बोलना पड़ा? ये खाली बोलते थे, सवड मिली तो जाना है आँख दिखाने कू. इत्ता बोले की मेरा सलीम दुकान जाते-जाते छोड़ देता था. वो नै तो सामने का दूधवाला. वो नै तो मैं हाथ पकड़ के ले जाती थी. किसीका बी जाना उधर से च होता था."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अक्काची रीत चुकीची नव्हती. ती रीत गल्लीसाठी होती. जिथं दारावरून दिवसभर माणसं जातात तिथं हळू बोललेलंही कुणीतरी ऐकतं. त्या कॉलनीत दारावरून जाते ती काच वर केलेली गाडी.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. मग खुर्ची मागं सरकवून म्हणाल्या, "आजी, इतके दिवस कुठं होतात?"

"घरीच," अक्का म्हणाली.

उजव्या डोळ्यात व्रण धरलाय, आता इंजेक्शन देऊन काही उपयोग नाही, असं त्यांनी सांगितलं. डाव्यातही सूज आहे, पण तो वाचेल. दर महिन्याला आलात तर. आज साखर फार वाढलीय, इंजेक्शन देता येत नाही, गोळ्या घ्या, शुक्रवारी सकाळी या. यापुढं एकही चुकवू नका. बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "पोराला एवढ्यात सांगू नकोस, जेवायच्या वेळंला जिवाला लावून घेईल."

मी सांगितलं. जेवायच्या वेळेलाच सांगितलं. घास हातात असताना. श्रीकांत आधी पांढरा पडला, मग रडला. चाळिशीचा बाप्या हुंदके देऊन रडला, नाटक नव्हतं ते. "आई, तू मला सांगितलंच नाहीस गं!" म्हणाला. अक्का म्हणाली, "सांगितलं होतं रे." दोघंही खरं बोलत होते, याचाच मला संताप येत होता. थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले आणि उपाय काढला. काय काढला असेल? "आपण दुसरी गाडी घेऊ. आईसाठी." चालवणार कोण, ते कुणी बोललं नाही. रात्री झोपेपर्यंत रंगाची चर्चा झाली.

स्नेहा एकटी ओट्यापाशी उभी होती. ताटं ठेवायला गेलो तेव्हा हळूच म्हणाली, "मामा, तुम्ही मलाही बोल लावत असाल. लावा. पण स्कूटी नोकरीपुरतीच, बसफाट्यापर्यंत चालत जायला मला तरी कुठं रस्ता आहे? माझी आई पडेगावला राहते, गेल्या दिवाळीनंतर तिला भेटले नाही मी."

बुधवारी फुलंब्रीला बारसं होतं, भावजींच्या पुतण्याकडं, दिगंबरकडं. श्रीकांतनं अर्धा दिवस रजा टाकली. बारशाला रजा मिळते, हे मी मनात लिहून ठेवलं. या वेळी अक्का गाडीत बसली आणि तिला जराही मळमळलं नाही. वाटेत एक म्हातारा-म्हातारी रस्त्याच्या कडेला हात करून उभे होते, सोबत पिशवी. गाडीत जागा होती. श्रीकांतनं वेग कमी केला नाही. "आजकाल कुणाला घेऊ नये, मामा. उगीच भानगड." म्हातारी आरशात लहान होत गेली.

दिगंबरची थोडी शेती आहे, आणि तो गुलमंडीवर कपड्याच्या दुकानात नोकरी करतो. जेवण काय वर्णावं! येसराची आमटी, बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार. पंगतीत बायका अक्काच्या पानात वाढताना न सांगता तिचा हात धरून वाटीपाशी नेत होत्या. अंगणात दिगंबरची जुनी सात सीटची गाडी उभी होती, एका दाराला दोरी बांधलेली. मी सवयीनं विचारलं, "किती बसतात हिच्यात?"

"सात सीट हायत मामा, पण नऊच्या खाली निघतच नाय!" दिगंबर म्हणाला. "सकाळी भोंगा वाजिवला की गल्ली गोळा होती. नर्सबाई, कोर्टातला शिपाई, दोन पोरी कॉलेजच्या, कुणाचं दुखतंखुपतं. डिझेल सगळे मिळून टाकतेत. एकट्यानं गेलो तर गावात तोंड दाखवायची सोय नाय. म्हणतील, मोठा साहेब झाला."

मग अक्काच्या डोळ्याचा विषय निघाला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. "काकू," तो म्हणाला, "मी रोज नवाला तुमच्या फाट्यावरून जातो. रोज! दवाखान्याच्या समोरून जातो. एक फोन करायचा व्हता."

अक्का म्हणाली, "मला काय ठावं बाबा. कमानीच्या आतनं रस्ता दिसत नाय." श्रीकांत उठून हात धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

शुक्रवारी श्रीकांत उशिरा कामावर जाऊन स्वतः नेणार असं ठरलं होतं. सकाळी अक्का आठ वाजताच तयार होऊन गेटपाशी खुर्ची टाकून बसली. स्वच्छ पातळ, हातात फाईल. श्रीकांत फोनवर बोलत बाहेर आला, आणि त्याचा आवाज ऐकूनच मी ओळखलं. "मामा, आज अचानक ऑडिटवाले येतायत. मला गेल्याशिवाय गत्यंतर नाही. उद्या रजा टाकलीय मी, उद्या पक्कं नेतो. एका दिवसानं काय होतंय?"

आणि अक्का काय म्हणाली? ज्या बाईचा एक डोळा गेला ती म्हणाली, "जा बाबा, कामावर जा. सवडीनं नेशील."

मी ओरडलो. आयुष्यात बहिणीवर कधी आवाज चढवला नव्हता तो चढवला. "सवड गेली चुलीत! अगं, आंधळी झालीस तरी तुझी जीभ वळत नाही? म्हण की, आज ने म्हणून!" शेजारच्या घराचा पडदा हलला. श्रीकांत खाली मान घालून गाडीत बसला आणि गेला. पाच सीटची गाडी, आत एक माणूस. अक्का रडली नाही. फाईल छातीशी धरून बसून राहिली आणि म्हणाली, "नाय रे येत मला तसं बोलता. आता या वयात कसं येईल?"

दिगंबरला फोन केला. "निघालोच हाय, फाट्यावर या," म्हणाला. पुन्हा तोच रस्ता, तेच ट्रक. गाडी आली तर आत आधीच नऊ. कॉलेजची एक पोरगी एका शब्दावाचून मागं सामानाच्या जागेत जाऊन बसली, नर्सबाईनं अक्काला आपल्या अंगाशी ओढून घेतलं, माझा एक पाय दोरीच्या दारात. अकरा माणसं! कंट्रोलर असतो तर मीच ती गाडी अडवली असती. गुलमंडी येईपर्यंत नर्सबाईनं अक्काला ड्रॉप कसे घालायचे ते दोनदा समजावलं, आणि पुढच्या महिन्याची तारीख स्वतःच्या फोनमध्ये घालून घेतली. "फाट्यापत्तोर कोण आणून सोडंल तेवढं बघा," म्हणाली. तेवढंच बघायचं होतं, आणि तेच कुणाजवळ नव्हतं.

इंजेक्शन झालं. मी अक्काला शहागंजात खोली बघू का म्हणून विचारलं. नसीमआपांच्या वरची मागची खोली रिकामी होती. तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग म्हणाली, "नको. लोक शिऱ्याला नावं ठेवतील. लेकानं आईला बाहेर काढलं म्हणतील." आमच्याकडं तरी चल, म्हणलं. तर म्हणे, लेक असताना भावाच्या दारात?

शनिवारी सकाळी माझी बस होती. श्रीकांतनं टाकलेली रजा माझ्या कामी आली. माझी पिशवी त्यानं स्वतः उचलून डिकीत ठेवली, सीट मागं केली, पाण्याची बाटली दिली, गाडी आधीच गार करून ठेवली होती. अक्का गेटपाशी आली. डाव्या डोळ्यावरची पट्टी सकाळीच काढली होती, डोळा लाल होता.

"मी पण येऊ का रे स्टँडवर?" तिनं विचारलं. "येता येता जरा शहागंजातून..." आणि थांबली. पुढचं बोलायला तिला अवघड गेलं, पण बोलली. "मला यायचंय."

आठ दिवसांत पहिल्यांदा तिनं 'मला अमुक करायचंय' असं म्हणलं होतं. श्रीकांत घड्याळ बघत म्हणाला, "आई, तू कशाला? गर्दी, धूळ, कालच इंजेक्शन झालंय." आणि माझं लक्ष बसच्या वेळेकडं होतं. वाटेत गर्दी लागली तर खिडकीची जागा जाईल असं डोक्यात चाललं होतं. मी काच खाली केली आणि म्हणालो, "राहू दे अक्का. परत कधीतरी, सवडीनं."

ती "बरं" म्हणाली. गाडी कमानीतून बाहेर पडल्यावर मी काय बोललो ते माझ्या लक्षात आलं. तोवर काच वर झाली होती, आणि मी श्रीकांतला गाडी मागं घे म्हणालो नाही.